नाकारलेली विद्या

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. विद्येचे मोल ते पुरते जाणत. परंतु साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांस अस्पृश्य म्हणून इतर मुलांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे.

पुढे हे कुटुंब मुंबईस आले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. त्यांस संस्कृत शिकावयाचे होते. परंतु अस्पृश्याच्या मुलास ती भाषा शिकविण्यास संस्कृतचे शिक्षक तयार होईनात. नाइलाजाने भीमरावांनी फार्सी घेतली. १९०७ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या यशाबद्दल त्यांचा सत्कार झाला, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले.

न्यूयॉर्क व लंडन येथे उच्च विद्या संपादन करून ते मायदेशी परतले. वकिली, समाजकार्य व राजकारण यांच्या व्यापातही त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. ज्या ग्रंथांच्या आधारे आपल्या बांधवांस हीन लेखले जाई, त्या ग्रंथांची त्यांनी कसोशीने छाननी केली व आपले विचार निर्भयपणे मांडले.

स्वतंत्र भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. १९४९ च्या सप्टेंबरात राजभाषेचा प्रश्न निघाला, तेव्हा संस्कृतचा पुरस्कार करणाऱ्यांत डॉ. आंबेडकरही होते! ज्यांस ती भाषा शिकू दिली नव्हती, त्यांनीच तिची बाजू घ्यावी, याचे अनेकांस नवल वाटले. तो प्रस्ताव मान्य झाला नाही. तथापि संस्कृतला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले.

पाली ही बौद्ध ग्रंथांची प्राचीन भाषा. तिचे व्याकरण व शब्दकोश तयार करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. त्यांचे पालीविषयीचे लेखन महाराष्ट्र शासनाने १९९८ साली प्रसिद्ध केले. २०२४ साली मराठीबरोबर पालीसही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला.

विद्येभोवती कुंपण घालणाऱ्या रूढीशी बाबासाहेब जन्मभर झुंजले. विद्येवरील त्यांचे प्रेम मात्र तिळभरही उणे झाले नाही.