डॉ. फिलिप हेंच : काविळीने दाखवलेली वाट

आमवाताने माणूस सहसा दगावत नाही, पण त्याला जगणे नकोसे होते. सकाळी सांधे लाकडासारखे होतात, बोटे वाकडी होत जातात आणि रात्रभर झोपूनही तो दमलेलाच उठतो. पन्नास वर्षे उलटली की आपल्या घराघरांतून एखादी मावशी नाहीतर आत्या ह्या दुखण्याने कण्हताना दिसते. तरण्याताठ्यांनाही ते सोडत नाही. एकदा जडले की मागे फिरत नाही, अशीच जुन्या डॉक्टरांची समजूत होती. ॲस्पिरिन, शेक आणि सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने एवढीच त्यांची शस्त्रे.

ही समजूत मोडणारे डॉ. फिलिप शोवॉल्टर हेंच ह्यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८९६ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे झाला. जन्मतःच टाळू दुभंगलेली असल्याने बोलायला त्रास होई. १९२० साली डॉक्टर झाल्यावर ते मिनेसोटातील रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये आले आणि १९२६ पासून तेथील संधिवात विभाग सांभाळू लागले.

१ एप्रिल १९२९ रोजी ६५ वर्षांचे एक डॉक्टरच त्यांच्याकडे रुग्ण म्हणून आले. त्यांनी सांगितले, की मला कावीळ झाली आणि सांधेदुखी पळाली! कावीळ चार आठवड्यांत उतरली, तरी आराम काही महिने टिकला होता. दुसऱ्या कोणी हे हसण्यावारी नेले असते. हेंच ह्यांनी अशा हकिकती गोळा करायला सुरुवात केली. शेरलॉक होम्सचे ते निस्सीम भक्त होते, हे येथे सांगायलाच हवे. पुढे आढळले, की गरोदरपणातही कित्येक स्त्रियांचा आमवात ओसरतो. म्हणजे गुण देणारे द्रव्य निव्वळ पित्तातले नाही आणि केवळ स्त्रियांचेही नाही. त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी ‘एक्स’ म्हटले. रुग्णांना पित्ताचे क्षार दिले, काविळीच्या रोग्यांचे रक्त दिले, मुद्दाम कावीळही आणून पाहिली. खात्रीचे काहीच हाती लागेना.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडॉल हे रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीतून एकेक द्रव्य वेगळे काढीत होते. ती ग्रंथी निकामी झालेल्या माणसाला विलक्षण थकवा येतो. आमवाताच्या रोग्याचा थकवाही तसाच, हे हेंच ह्यांनी हेरले. १९४१ च्या जानेवारीत दोघांनी ठरवले, की केंडॉल ह्यांचे ‘ई’ द्रव्य आमवातावर वापरून पाहायचे. हेंच ह्यांनी तसे खिशातल्या वहीत टिपून ठेवले. पण द्रव्य होते कुठे? मधे महायुद्ध आले आणि हेंच सैन्याच्या इस्पितळांत गेले. १९४४ साली मर्क कंपनीतील लुईस सॅरेट ह्यांनी ते बैलाच्या पित्तापासून बनवले. येथेही पित्तच! तरीही १९४८ पर्यंत त्याचा साठा ग्रॅमांतच मोजावा लागे.

त्या वर्षी २९ वर्षांची एक स्त्री मेयो क्लिनिकमध्ये दाखल होती. कुशीवर वळतानाही तिला वेदना होत. गुण आल्यावाचून घरी जाणार नाही, असा तिचा हट्ट होता. २१ सप्टेंबरला हेंच ह्यांच्या सहकाऱ्यांनी तिला पहिले इंजेक्शन दिले. मात्रा दिवसाला १०० मिलिग्रॅम, त्या काळच्या मानाने बरीच मोठी. दोन दिवसांनी सकाळी ती सहज कुशीवर वळली. चौथ्या दिवशी किंचित लंगडत चालली आणि २८ तारखेला गावात जाऊन तीन तास खरेदी करून आली!

एप्रिल १९४९ मध्ये ही बातमी जाहीर झाली आणि ‘कॉर्टिझोन’साठी रोग्यांची झुंबड उडाली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र औषध थांबवले की दुखणे परत येई आणि चालू ठेवले तर चेहरा चंद्रासारखा सुजे, हाडे ठिसूळ होत, काहींचे मनही बिघडे. हा रोगाचा कायमचा उपाय नव्हे, असे हेंच सुरुवातीपासून बजावत होते. उत्साहाच्या भरात ते फारसे कोणी ऐकले नाही. आज ह्या वर्गातली औषधे आमवातात बेताने आणि शक्यतो थोडे दिवसच देतात. मात्र फार दिवस चाललेली गोळी रोग्याने मनाने एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते.

हेंच ह्यांनी आपला दुसरा छंद शेवटपर्यंत जोपासला : क्यूबातील पीतज्वराच्या संशोधनाची कागदपत्रे जमवण्याचा. ३० मार्च १९६५ रोजी जमैकात सुटीवर असताना त्यांना मृत्यू आला. त्यांनी जमवलेली ती कागदपत्रे व्हर्जिनिया विद्यापीठात आहेत.