वीज साठविणारा गास्तों प्लांते

कला शाखेच्या अंकात बॅटरीच्या जनकाचे चरित्र कशाला, असे काही मित्र म्हणतील. पण उजनीच्या फुगवट्याकाठी, आमच्या करमाळा तालुक्यातल्या पुनर्वसित गावांत, वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. घरोघरी इन्व्हर्टरशेजारी जी जड पेटी असते, तिचा मूळपुरुष कोण हे आपल्याला ठाऊक असावे.

गास्तों प्लांतेचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी दक्षिण फ्रान्समधील ऑर्थेझ या गावी झाला. विसाव्या वर्षी तो पॅरिसच्या एका नामांकित संस्थेत पदार्थविज्ञानाचा साहाय्यक झाला. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, पॅरिसजवळ त्याला एका प्रचंड, उडता न येणाऱ्या प्राचीन पक्ष्याचे अवशेष सापडले. त्या पक्ष्याला 'गॅस्टॉर्निस' हे नाव मिळाले, ते याच गास्तोंवरून. रोहित पक्षी पाहत वाढलेल्या आम्हा काठच्या मुलांना हा माणूस यामुळेच आधी आवडावा!

त्याचे खरे काम १८५९ चे. शिशाचे दोन पत्रे, मध्ये रबराच्या पट्ट्या, त्यांची गुंडाळी करून ती सौम्य गंधकाम्लात बुडविली. वीज आत सोडली की ती रासायनिक रूपाने साठे आणि मागितली की परत मिळे. १८६० साली त्याने अशा नऊ घटांची बॅटरी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवली. पण ती भरायची कशाने? व्यवहारात उपयोगी पडेल असे जनित्र तेव्हा नव्हते. बिचारा दुसऱ्या, एकदा वापरून संपणाऱ्या घटांनी आपली बॅटरी भरी. शिवाय पत्रे मुरण्यासाठी ती पुनःपुन्हा भरावी, रिकामी करावी लागे, आणि त्यात महिने जात. इतकी चिकाटी मला तरी साधली नसती.

गेल्या मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या घरात दम्याच्या आजीला उकाडा सोसेना, तेव्हा थोरल्या भावाने उसाच्या पैशातून एसी घेऊन तो इन्व्हर्टरवर चालवायचे ठरविले. मी कागदावर हिशोब मांडला. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १८०० वॅट-तास. मात्र उजनीच्या ११७ टीएमसीपैकी जवळपास ६४ टीएमसी जसा मृतसाठा, तशीच शिशाच्या बॅटरीचीही गत आहे. निम्म्याखाली वारंवार उतरलात, तर पत्र्यांवर कठीण थर बसून तिचे आयुष्य घटते. धरण 'मायनस'मध्ये गेले तरी पावसाळ्यात पुन्हा भरते, बॅटरी तशी सावरत नाही. उरले ९०० वॅट-तास. एक टनी एसीला हजार-बाराशे वॅट लागतात, म्हणजे बॅटरीतून सुमारे शंभर अँपिअर. इतक्या वेगाने उपसल्यास बॅटरी हिशोबापेक्षाही कमी देते. जेमतेम अर्धा तास! कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका आमच्या लहान इन्व्हर्टरला पेलला नसता, ते निराळेच. लिथियमची बॅटरी अधिक खोलवर उपसता येते, पण तिची किंमत ऐकून भाऊ गप्प झाला. शेवटी पाण्याचा कूलर आणला. दीडशे वॅटमध्ये तो वीज गेल्यावरही चारपाच तास चालतो, आणि पाण्याला आमच्याकडे तोटा नाही. आजीला झोप लागू लागली.

प्लांतेची बॅटरी घराघरांत पोहोचण्याजोगी झाली ती दुसऱ्याच्या हातून. १८८१ मध्ये कामिय फोर याने पत्र्यांना शिशाच्या संयुगाचा लेप दिला आणि महिन्यांचे मुरविणे पुष्कळच घटले. एव्हाना जनित्रेही आली होती. प्लांते मात्र आकाशातील विजेच्या गोळ्यांचा अभ्यास करण्यात रमला होता. २१ मे १८८९ रोजी पॅरिसजवळ, वयाच्या ५५ व्या वर्षी, तो वारला.