चोवीस सेकंदांचा दिवस

फूरियर म्हटलं की आपल्याला एम-थ्रीचा पेपर आठवतो, आणि काहींना केटी. मलाही तेवढंच माहीत होतं. पण मागच्या सेममध्ये त्याने मला चांगलंच अडकवलं.

प्रोजेक्ट होता आमच्या हॉस्टेलच्या टेरेस स्लॅबचा. वरच्या मजल्यावरच्यांना रात्री झोप का लागत नाही, ते सिम्युलेशनमध्ये दाखवायचं. वरच्या पृष्ठभागाचं तापमान कायम ठेवून चालणार नव्हतं, म्हणून साइन फंक्शन दिलं आणि पिरियड टाकला २४. रन केलं. खाली तापमानाचा आकडा हलेचना! सॉफ्टवेअर वेळ सेकंदांत मोजतं. माझा सूर्य दर २४ सेकंदांनी उगवत होता. पाहिजे होते ८६४००.

गंमत म्हणजे उत्तर चूक नव्हतंच. फूरियरने हेच तर सांगितलं होतं! मग लायब्ररीत जाऊन त्याचं चरित्र काढलं.

जोसेफ फूरियर २१ मार्च १७६८ ला फ्रान्समधल्या ओसेर गावी जन्मला, शिंप्याच्या घरी. नऊ-दहा वर्षांचा असताना आई गेली, पाठोपाठ वडीलही. शिकला बेनेडिक्टाइन साधूंच्या सैनिकी शाळेत. क्रांतीच्या धामधुमीत १७९४ ला अटक झाली, मान गिलोटिनखाली जायचीच बाकी होती. त्याच वर्षी रोबेस्पिएर पडला आणि हा सुटला. १७९८ ला नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. परत आल्यावर नेपोलियनने त्याला ग्रेनोबलला प्रिफेक्ट केलं, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारखंच. बूर्ग्वांची दलदल उपसणं, तुरिनचा रस्ता, असली सरकारी कामं करता करता याने उष्णतेचं समीकरण काढलं. आपल्याला सबमिशन आणि मेसची ड्यूटी एकत्र जमत नाही.

१८०७ मध्ये त्याने पॅरिसला निबंध पाठवला. कुठलाही चढउतार साइन-कोसाइनच्या बेरजेत मांडता येतो, ही त्यातली मुख्य गोष्ट. तपासायला लाग्रांज, लाप्लास, मोंज, लाक्रुआ. अशा एक्स्टर्नलसमोर कोण टिकणार? लाग्रांजला ती सिरीज पटलीच नाही. १८११ ला स्पर्धेसाठी पुन्हा लिहून पाठवलं. बक्षीस मिळालं, पण काटेकोरपणा कमी असा शेरा मारून. छापलं काही नाही. शेवटी पुस्तक निघालं १८२२ ला. पहिल्या निबंधानंतर पंधरा वर्षांनी! त्याच वर्षी तो अकादमीचा सचिव झाला आणि मग तो पडून राहिलेला निबंधही त्याने छापून घेतला. मला हे फार आवडलं.

जमिनीचं उदाहरण त्याचं स्वतःचं आहे. वरचं तापमान दिवसागणिक आणि ऋतूंप्रमाणे बदलतं. जितकं भरभर बदलेल तितकं ते वरच्यावर विरतं, सावकाश बदलेल ते खोल जातं. वर्षाची लाट दिवसाच्या लाटेपेक्षा एकोणीस पट खोल जाते, कारण ३६५ चं वर्गमूळ एकोणीस. आणि जाताना उशीर होतो, इतका की एका खोलीवर वर उन्हाळा असताना खाली हिवाळा असतो. माझ्या चोवीस सेकंदांच्या दिवसाची लाट काँक्रीटमध्ये जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर शिरत होती. खरा दिवस चौदाएक सेंटिमीटर शिरतो, आणि आमचा स्लॅब पंधराचा!

इजिप्तहून आल्यापासून त्याला सतत थंडी वाजायची म्हणे. खोल्या तापवून, कपडे गुंडाळून बसायचा. १६ मे १८३० ला पॅरिसमध्ये गेला.

८६४०० टाकून परत रन केलं. खालची बाजू वरच्यापेक्षा चारएक तास उशिरा तापली, म्हणजे दुपारी दोनचं ऊन संध्याकाळी सहाला आमच्या खोलीत. वरच्या मजल्यावरच्यांनी प्रिंटआउट दारावर चिकटवलाय.