थाट मांडणारे वकील

दहिसरच्या एखाद्या खोलीत गिटारवर बिलावल, काफी, भैरवी अशा सुरावली घोटणारा विद्यार्थी नकळत एका वकिलाचे ऋण फेडीत असतो.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. तरुणपणी ते सतार शिकले. सतारीवर रागानुसार पडदे सरकवावे लागतात. त्या मांडणीलाच थाट म्हणत. १८८७ साली ते वकील झाले. पुढे पत्नी व कन्या दोघीही गेल्या. तेव्हा वकिली सोडून त्यांनी संगीताला वाहून घेतले. गावोगाव हिंडून, उस्तादांची मनधरणी करून चिजा जमविल्या, दक्षिणेतील ७२ मेळांचा अभ्यास केला आणि हिंदुस्थानी राग दहा थाटांत लावले. सारेच राग त्यांत नीट बसत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. परंतु घराण्यांच्या कुलपात असलेली विद्या त्यांच्या क्रमिक पुस्तकांमुळे सामान्य विद्यार्थ्याच्या हाती आली. १९२६ साली लखनौस त्यांच्या प्रयत्नाने संगीताचे कॉलेज निघाले. अखेरची वर्षे पक्षाघाताने अंथरुणावर काढून १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते निवर्तले.

गिटारचे पडदे सरकत नाहीत. थाट बदलायचा तर बोटांनाच नवी वाट शिकवावी लागते. त्या वाटांना नावे व क्रम मात्र भातखंड्यांनी लावून ठेवला आहे.