वकिलीचा मोह टाळणारे लोकमान्य

पोहरादेवीस रामनवमीच्या यात्रेनिमित्त समाज एकत्र जमतो, तेव्हा अलीकडे एक आनंददायक दृश्य दृष्टीस पडते. ज्या तांड्यांत एके काळी कागद वाचून दाखविणारा मनुष्य शोधावा लागे, त्याच तांड्यांतील मुले आज कायद्याची पदवी घेऊन सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे नतमस्तक होतात. त्यांतील काहींच्या मनात मात्र एक प्रश्न घोळत असतो. वकिलीत जम बसण्याची चिन्हे दिसत असता ती सोडून स्वतःचा उद्योग काढावा किंवा वृत्तपत्र चालवावे, तर घरची वडीलधारी मंडळी काय म्हणतील? अशा तरुणांनी व त्यांच्या वडिलांनीही लोकमान्य टिळकांच्या चरित्राकडे या दृष्टीने एकवार पाहावे, एवढाच या अल्प लेखाचा हेतू आहे.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. १८७७ साली गणित विषय घेऊन ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले व १८७९ साली त्यांनी एल्‌एल्‌. बी. ही पदवी मिळविली. त्या काळी कायद्याचा पदवीधर म्हणजे गाडीघोडा, वाडा व मानमरातब यांचा धनी, अशीच सर्वांची समजूत होती. परंतु डेक्कन कॉलेजात असतानाच टिळक व त्यांचे स्नेही गोपाळ गणेश आगरकर यांनी सरकारी चाकरी करावयाची नाही, लोकशिक्षणास आयुष्य वाहावयाचे, असा निश्चय केला होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या साहचर्याने २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. वकिलीत शेकड्यांनी रुपये मिळविण्याची योग्यता असलेल्या या तरुणाने शाळेत अल्प वेतनावर शिकविणे पत्करले.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८१ मध्ये, मराठी ‘केसरी’ व इंग्रजी ‘मराठा’ ही पत्रे सुरू झाली. त्यांकरिता आर्यभूषण छापखाना उभारताना या पदवीधरांनी खिळ्यांच्या पेट्या स्वतःच्या खांद्यांवरून वाहिल्या. आपल्या पूर्वजांनी लदेणीच्या काळी धान्यामिठाच्या गोण्या बैलांवर लादताना कधी कमीपणा मानला नाही. उद्योग म्हटला की त्याचे ओझे धन्यानेही उचलावयाचे असते, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. टिळकांनाही ती ठाऊक होती.

पण खरी कसोटी पुढेच होती. कोल्हापूर प्रकरणी झालेल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्याच वर्षी विष्णुशास्त्री निवर्तले. पुढे मतभेद होऊन आगरकर केसरीतून बाहेर पडले. १८९० च्या अखेरीस टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचाही राजीनामा दिला, आणि १८९१ साली भागीदारांची वाटणी झाली. छापखाना इतरांकडे गेला. टिळकांच्या वाट्यास आली दोन वृत्तपत्रे आणि सुमारे ७,००० रुपयांचे कर्ज! शाळेचे वेतन बंद झालेले, घरी मुलेबाळे, जिवाभावाचे मित्र दुरावलेले. अशा वेळी वकिलीची वाट पत्करली असती, तर त्यांना कोणीही दोष दिला नसता.

त्यांनी काय केले, ते लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी वकिली केली नाही. पण कायद्याचे ज्ञान वायाही जाऊ दिले नाही. वकिलीच्या परीक्षांस बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी पुण्यात लॉ क्लास चालविला. त्याचप्रमाणे त्या काळी निजामच्या राज्यात असलेल्या लातूर येथे भागीदारीत कापसाची सरकी काढण्याचा कारखाना, म्हणजेच जिन, घातला. कापूस पिकविणाऱ्या आपल्या वऱ्हाडातील वाचकास त्या धंद्यातील तेजीमंदी समजावून सांगावयास नकोच. या कारखान्याने टिळक धनवान झाले नाहीत. परंतु या उद्योगांमागील धोरण स्पष्ट होते. ज्याची चूल दुसऱ्याच्या मेहेरबानीवर पेटते, त्याची लेखणी स्वतंत्र राहत नाही. पोटाची सोय अन्यत्र करून त्यांनी केसरी कोणाचाही मिंधा होऊ दिला नाही.

पुढे १८९६ साली नरसिंह चिंतामण केळकर हे साताऱ्याची वकिली सोडून लॉ क्लास व ‘मराठा’ यांच्या कामी टिळकांना येऊन मिळाले. देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करून छपाई सुलभ करण्याच्या खटपटीतही लोकमान्यांनी पुष्कळ श्रम वेचले. देशी कारखानदारीसाठी निघालेल्या पैसा फंडास त्यांनी पाठिंबा दिला. त्या फंडातून तळेगाव येथे काचेचा कारखाना उभा राहिला.

१८९७ व १९०८ साली राजद्रोहाचे खटले झाले. १९०८ च्या खटल्यात लोकमान्यांनी स्वतःच आपली बाजू मांडली. त्यांचे भाषण अनेक दिवस मिळून सुमारे एकवीस तास चालले. न केलेल्या वकिलीचे ज्ञान असे कामी आले! तरीही सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. १९१४ साली परत आले, तेव्हा केसरी चालूच होता. धनी दूर असताही जो चालतो, तोच उद्योग पक्क्या पायावर उभा आहे असे समजावे. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस लोकमान्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या सामाजिक मतांविषयी मतभेद होते व आजही आहेत. शिक्षणाच्या प्रसाराविषयी त्यांचे काही विचार आपल्यासारख्या समाजास पटण्याजोगे नाहीत. तथापि गुण घ्यावयास संकोच कशाला? आपल्याच भागात पुसद येथे वकिली करणारे वसंतराव नाईक पुढे ती सोडून सार्वजनिक कार्यात पडले व १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हे आपण जाणतोच.

म्हणून तरुणांना सांगणे इतकेच की, पदवी ही पायातील बेडी नसून हातातील भांडवल आहे. वकिली सोडावयाची तर कंटाळून सोडू नये, कार्य हेरून सोडावी. पोटाची तजवीज आधी करावी, कर्ज घेतल्यास ते आपले म्हणून फेडावे, आणि ओझे उचलण्यास लाजू नये. वडीलधाऱ्यांसही विनंती की, मुलगा असा निश्चय घेऊन समोर आला, तर रागावण्यापूर्वी त्याचा हिशेब एकवार शांतपणे ऐकून घ्यावा.