विश्लेषण : वेगवेगळ्या भाषांतला कोड एकत्र चालतो कसा? ग्रेस हॉपर यांनी काय केले होते?

फोनमधले फोटोचे अ‍ॅप सहसा एकाच भाषेत लिहिलेले नसते. दिवाळे गावच्या जेट्टीवर टिपलेल्या होडीच्या फोटोला फिल्टर लावा. अँड्रॉइडवर बटण दाखवणारा कोड बहुतेकदा कोटलिन किंवा जावातला असतो, तर रंग बदलण्याचे जड काम अनेकदा सी प्लस प्लसमधला कोड करतो. हे दोघे एकमेकांना सापडतात कसे? ही गोष्ट ग्रेस हॉपर यांच्यापर्यंत मागे जाते.

कोण होत्या हॉपर?

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्म. लहानपणी आत काय आहे हे पाहण्यासाठी त्यांनी घरातली गजराची घड्याळे खोलून ठेवली होती. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी, शिवाय व्हॅसार कॉलेजात अध्यापन. दुसऱ्या महायुद्धात वजन नियमापेक्षा कमी भरूनही खास परवानगीने त्या नौदलात दाखल झाल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डच्या मार्क वन संगणकावर रुजू झाल्या. (संगणकात सापडलेल्या पतंगाचा किस्सा बहुतेकांनी ऐकला असेल. त्यांचे खरे काम त्याहून बरेच मोठे आहे.)

वहीतून टेपवर

तेव्हा कोडचे उपयोगी तुकडे प्रोग्रामर एकमेकांच्या वह्यांतून हाताने उतरवून घेत. १९४९ मध्ये हॉपर एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तिथल्या युनिव्हॅकवर तुकडा नव्या जागी बसवायचा तर त्यातल्या पत्त्यांची बेरीज करावी लागे. उतरवताना चुका, बेरजेत चुका. मग हे काम यंत्रालाच का देऊ नये?

१९५२ मध्ये त्यांची ए-झिरो प्रणाली चालू झाली. तपासलेले तुकडे चुंबकीय टेपवर ठेवले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. प्रोग्रामरने हवे ते क्रमांक द्यायचे. यंत्र तुकडे शोधून, पत्ते सुधारून सलग प्रोग्राम तयार करी. हॉपर याला कंपायलर म्हणत, पण आजच्या हिशेबाने तो लिंकर जास्त होता. संगणक फक्त आकडेमोड करतो, प्रोग्राम लिहीत नाही, असे मानणाऱ्यांना चालती प्रणालीही लवकर पटली नाही.

भाषा वेगळ्या, मग जोड कशी?

सी, फोरट्रान, रस्ट यांचे कंपायलर कोडची यंत्रभाषेतली ऑब्जेक्ट फाइल बनवतात. त्या फाइलमध्ये आपण कोणती फंक्शन्स देतो आणि बाहेरून कोणती हवीत, याची नोंद असते. लिंकर नावे जुळवून पत्ते भरतो. मूळ भाषा कोणती, याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

पण नाव जुळले म्हणजे काम झाले, असे नाही. माहिती कोणत्या रजिस्टरमधून आणि किती बाइटची द्यायची, हे दोन्ही बाजूंनी सारखेच मानावे लागते. फोरट्रान बहुधा किमतीऐवजी तिचा पत्ता पाठवते. सी प्लस प्लस फंक्शनच्या नावालाच शेपूट जोडते; ते थांबवायला ‘एक्स्टर्न सी’ लिहावे लागते. सीच्या फंक्शनला दशांश संख्या हवी आणि समोरून पूर्णांक आला, तर लिंकर सहसा तक्रार करत नाही. प्रोग्राम चालतो, उत्तर मात्र चुकते. बँकेच्या हिशेबात असे झाले तर काय, याचा विचार करा.

अँड्रॉइडमध्ये हा पूल जेएनआय बांधते. सी प्लस प्लसचा भाग डॉट एसओ फाइलमध्ये असतो आणि जोडणी अ‍ॅप चालू असताना होते.

१९५९ मध्ये आकाराला आलेल्या कोबोलवर हॉपर यांच्या फ्लो-मॅटिकची मोठी छाप होती. १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून नौदलातून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. कोबोलच्या प्रोग्राममधून सीची फंक्शन्स आजही अशीच जोडून वापरली जातात.