नाव नसलेला ‘चीफ डिझायनर’

अंतराळात गेलेला पहिला माणूस कोण? युरी गागारिन, हे तुम्ही झोपेतही सांगाल. पण त्याला वर नेणारं रॉकेट कुणी बनवलं? नाही ना आठवत? हरकत नाही. त्या काळी सोव्हिएत जनतेलाही ते ठाऊक नव्हतं. पेपरात फक्त ‘चीफ डिझायनर’ एवढंच छापून यायचं.

ते होते सर्गेई कोरोलेव. जन्म १९०७, युक्रेनमधलं झितोमिर. मॉस्कोतल्या रॉकेटवेड्या तरुणांच्या गटाचे ते प्रमुख झाले, तेव्हा वय होतं फक्त २५. म्हणजे जवळपास तुमच्या-माझ्याएवढंच!

आणि १९३८ मध्ये सगळं कोसळलं. स्टॅलिनच्या धरपकडीत खोट्या आरोपांखाली अटक, मारहाण आणि थेट सैबेरियापलीकडच्या कोलिमात, सोन्याच्या खाणीवर सक्तमजुरी. स्कर्व्हीने दात पडले. पुढे कैदी इंजिनिअर्सच्या डिझाइन ऑफिसात काम करत १९४४ मध्ये सुटका झाली. पूर्ण निर्दोष ठरायला मात्र १९५७ उजाडलं.

त्याच वर्षी त्यांचं आर-७ रॉकेट उडालं. खरं तर ते अणुबॉम्ब वाहून नेण्यासाठी होतं. बॉम्ब जड, म्हणून रॉकेटही दणकट. उंचावर गेल्यावर इंजिन पेटेल याची तेव्हा खात्री नव्हती. मग कोरोलेव यांच्या टीमने मधल्या भागाभोवती चार बूस्टर लावले आणि पाचही भाग जमिनीवरच पेटवले. याच रॉकेटने ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक सोडला. त्यावर आणखी एक टप्पा चढवला आणि १९६१ मध्ये गागारिन अंतराळात पोचला.

पुढचं टार्गेट चंद्र. त्यासाठी एन-१ हे सुमारे १०५ मीटर उंच रॉकेट ठरलं. पण कोणतं इंधन वापरायचं यावरून इंजिनतज्ज्ञ ग्लुश्को यांच्याशी जोरदार वाजलं. शेवटी विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कुझनेत्सोव यांच्याकडे काम गेलं. त्यांची इंजिनं लहान, म्हणून पहिल्याच टप्प्यात तब्बल ३० बसवावी लागली. अमेरिकेच्या सॅटर्न-५ मध्ये होती फक्त पाच!

जानेवारी १९६६ मध्ये ऑपरेशनदरम्यान कोरोलेव गेले. तेव्हा कुठे ‘प्रावदा’त त्यांचं नाव आणि फोटो झळकला. देशाला त्यांची ओळख झाली ती थेट श्रद्धांजलीतून.

एन-१ १९६९ ते १९७२ मध्ये चारदा उडालं, चारही वेळा फसलं. सगळी ३० इंजिनं एकत्र पेटवून जमिनीवर चाचणीच घेतली नव्हती. आर-७ चा वंश मात्र टिकला. १९८४ मध्ये आपले राकेश शर्मा अंतराळात गेले, ते त्याच घराण्यातल्या सोयुझ रॉकेटवरून.

ग्रुप प्रोजेक्टच्या पीपीटीवर आपलं नाव राहिलं, तर आपण दोन दिवस फुगून बसतो. कोरोलेव यांनी तर आयुष्यभराचं काम बिननावाचं केलं, तेही ज्या व्यवस्थेने त्यांना खाणीत धाडलं तिच्यासाठी. हे बरोबर होतं का? नाही. म्हणून पुढच्या वेळी गागारिनचं नाव घ्याल, तेव्हा सोबत कोरोलेव यांचंही घ्या.